चिंचेची साक्ष

"इथं थांबायचं," पप्पा म्हणाले. "इथं लोक रडतात."

मी थांबलो. पप्पांनी मनात चार-पाच आकडे मोजले आणि मान हलवली. म्हणजे, आता पुढं वाच.

शनिवारची दुपार होती. पत्रा तापला होता. पप्पा खाटेवर मांडी घालून बसले होते, मी समोर प्लास्टिकच्या खुर्चीत. माझ्या हातात वहीची दोन पानं होती. त्यावर माझी साक्ष होती. अक्षर पप्पांचं.

साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. आमच्या चर्चच्या मंडळीत साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं, ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. सिलास अमोलिकांची, म्हणजे आमच्या पप्पांची साक्ष सगळ्या तालुक्यात माहीत होती. दरवर्षी साखर कारखान्याच्या मैदानावर तीन मंडळ्या मिळून जागृती सभा भरवायच्या, तिथं पप्पा बोलायचे. मी शेजारी उभा. ठरलेल्या जागी पप्पा म्हणायचे, "हाच तो हात," आणि मी डावा हात वर करायचो. तो कोपराच्या खाली थोडा वाकडा आहे. लांबून नीट दिसतो. बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

त्या वर्षी पाळक मकासरे म्हणाले, बापाच्या तोंडून खूप ऐकलं, आता लेकाच्या तोंडून ऐकू. पोरगा तेवीस वर्षांचा झाला, कामधंदा करतो, त्याला बोलू द्या. पप्पांना इतका आनंद झाला की त्यांनी मला नवा शर्ट आणला. आकाशी. मापाला बरोबर. पप्पांना माझं माप माहीत होतं.

मी पुढं वाचलं. मी नऊ वर्षांचा होतो, माझे पप्पा फार प्यायचे, एका रविवारी मी चर्चमागच्या चिंचेवरून पडलो आणि हात मोडला. डॉक्टर म्हणाले, हात काढावा लागेल. तेव्हा पप्पांनी गुडघे टेकले आणि देवाला म्हणाले, याचा हात राहू दे, मी बाटली सोडतो. हात राहिला. बाटली सुटली.

"छान," पप्पा म्हणाले. "फक्त 'चिंचेवरून' जरा जोरात म्हण. तिथं तुझा आवाज बसतो."

मग ते उठले आणि माझ्यासाठी चहा टाकला. आलं ठेचून. हे सांगायला पाहिजे, कारण नाहीतर तुम्ही त्यांना वेगळा माणूस समजाल. चौदा वर्षं तो माणूस माझ्याशी असाच वागत होता. मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकायला त्यांनी कारखान्यातल्या ट्रॅक्टरच्या नोकरीवर कर्ज काढून मला पैसे दिले. उन्हाळ्यात डबा घेऊन दुकानात यायचे. आवाज चढवलेला मला आठवत नाही.

मला त्याचाच थकवा आला होता. वाईट माणसाचा राग करता येतो. चांगल्या माणसाचा काय करणार?

संध्याकाळी पप्पा मांडवाच्या कामाला मैदानावर गेले. आई ओट्यापाशी बसून मेथी निवडत होती. मी तिला सांगितलं की उद्या सभेत मला हे जमणार नाही.

आईनं मान वर केली नाही. म्हणाली, इतकी वर्षं हात वर करतोसच की.

"हात वर करणं वेगळं. आता तोंड उघडायचंय."

ती उठली, दाराबाहेर डोकावून आली आणि परत बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "तू चिंचेवरून पडलास. एवढंच म्हणायचंय. म्हणून टाक."

मी चिंचेवरून पडलो नव्हतो. चर्चमागं चिंच आहे, पण मी तिच्यावर आजपर्यंत चढलेलो नाही. माझा हात पप्पांनी मोडला होता. आमच्याच घरात, भरदुपारी, मोरीच्या तोंडाशी. आणि पप्पांना ते माहीत नव्हतं.

म्हणजे खरंच माहीत नव्हतं. ते शुद्धीत नव्हते. हात मोडून बाहेर गेले, परत आले ते तिथंच आडवे झाले आणि संध्याकाळपर्यंत घोरले. जाग आली तेव्हा माझा हात उशीएवढा सुजला होता. त्यांनी विचारलं, याला काय झालं? आईनं एका दमात सांगितलं, चिंचेवरून पडला. का सांगितलं, हे ती स्वतःही सांगू शकत नाही. कदाचित त्यांचं डोकं पुन्हा फिरेल म्हणून. कदाचित पोलीस येतील, कारखान्यातली नोकरी जाईल म्हणून. पप्पांनी माझ्या हाताकडं बघितलं आणि हंबरडा फोडला. त्याच रात्री पाळकांना बोलावून शपथ घेतली. त्यानंतर थेंब नाही.

डॉक्टर हात काढायचं कधीच बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी का आणलं, एवढंच त्यांनी खडसावून विचारलं. हाड तोवर वाकडं धरायला लागलं होतं. मला विचारलं, कसा पडलास बाळ? आईनं माझा दुसरा हात दाबला. मी म्हणालो, चिंचेवरून. ते माझं पहिलं खोटं. त्यानंतर मला कधी बोलावंच लागलं नाही. पप्पा बोलायचे, मी हात दाखवायचो. हात काढायचं वाक्य साक्षीत कधी शिरलं ते कुणालाच माहीत नाही. सांगता सांगता शिरलं असेल.

"त्या एका खोट्यानं मला नवरा दिला आणि तुला बाप दिला," आई म्हणाली. "आता तू तो काढून घेणार?"

मी म्हणालो, मला दोन स्थळं आली, दोन्ही मी मोडली, ती का मोडली हे तू कधी विचारलं नाहीस. रविवारी दुपारी कुणी कडी वाजवली तरी मी ताडकन उभा राहतो. मला बाप व्हायची भीती वाटते, आई.

तिनं मेथीची काडी मोडली आणि बाजूला ठेवली. "मला पण वाटते भीती," ती म्हणाली. "रोज. ते घरी यायच्या वेळेला. चौदा वर्षं झाली. तुला काय वाटलं, तुला एकट्यालाच?"

 मी तिच्याबरोबर उरलेली मेथी निवडली.

दुसरा दिवस महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाचा. भाकर मोडायची, प्याला घ्यायचा. पप्पा मंडळीचे पंच. छोट्या पेल्यांचा ट्रे बाकाबाकावरून तेच फिरवायचे. आणि गेली सहा वर्षं दर महिन्याला नेमका त्याच वेळी चर्चच्या इन्व्हर्टरमध्ये बिघाड व्हायचा, तो बघायला मी मागच्या खोलीत जायचो. खरा बिघाड मीच होतो. पप्पांच्या हातून तो प्याला मला घेववत नव्हता. घेतला नाही तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून इन्व्हर्टर. मंडळीनं दोनदा नवी बॅटरी घेतली, माझ्यामुळं.

त्या दिवशी उपदेश थोमावर होता. हा येशूचा शिष्य म्हणतो, हातांवरच्या खिळ्यांच्या खुणा बघितल्याशिवाय मी मानणार नाही, आणि उठलेला येशू त्याच्यापुढं हात धरतो. हे मी लहानपणापासून चाळीस वेळा ऐकलं असेल. त्या दिवशी थकलेला होतो म्हणून असेल, ऐकता ऐकता वेगळंच लक्षात आलं. जो मेलेला उठतो, त्याला खुणा पुसता आल्या नसत्या का? त्यानं पुसल्या नाहीत. आणि कुणी विचारल्यावर असंही सांगितलं नाही की मी पडलो.

एवढंच. आकाशातून आवाज वगैरे आला नाही. पंखा कुरकुरत होता.

मग पाळक मेजापाशी गेले आणि नेहमीचं बोलले. कुणाच्या मनात आपल्या भावाविषयी काही असेल तर त्यानं आधी जाऊन समेट करावा, मेज थांबेल. हे ते दर महिन्याला म्हणतात. मग दहा सेकंद शांतता. मंडळीच्या इतिहासात तेव्हा कुणी उठलेलं नाही. सहा वर्षं एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन जावा एकाच बाकावर बसून ते दहा सेकंद काढतात.

मी उठलो. लोकांना वाटलं, इन्व्हर्टर. पाळकांनासुद्धा वाटलं असणार, कारण ते पुढं बोलायला लागले. मी मागं न जाता पुढं गेलो, पप्पांपाशी. त्यांच्या हातात ट्रे होता.

"पप्पा, बाहेर येता का?"

"आत्ता?" ते कुजबुजले. "मेज लागलंय, शमू."

"म्हणूनच."

पाळक मकासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं, पप्पांकडं बघितलं. मग त्यांनी मेजावरचं पांढरं फडकं परत भाकरीवर ओढलं आणि पेटीवर बसलेल्या सुलोचनाबाईंना खूण केली. बाईंनी गीत धरलं. सगळे गायला लागले. ट्रे मेजावर ठेवून पप्पा माझ्यामागं आले.

चर्चमागं पाण्याची टाकी आहे. तिथं सावलीत उभं राहून मी सांगितलं. मोठं काही बोललो नाही. म्हणालो, मी चिंचेवरून पडलो नव्हतो. त्या दिवशी तुम्ही घरी होता. हात तुम्ही पिरगाळला.

पप्पा हसल्यासारखं काहीतरी करून म्हणाले, "कोण म्हणतं?"

"मी. मी होतो ना तिथं."

आत गीत संपलं. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. चार कडव्यांचं गीत होतं. लोक त्या दिवशी ते किती वेळा गायले, हे मंडळीत अजून चेष्टेनं सांगतात. कुणी म्हणतं पाच, कुणी नऊ.

पप्पा म्हणाले, तुझ्या आईनं मला सांगितलं होतं. मी म्हणालो, हो, आईनंच सांगितलं. पप्पांनी टाकीच्या नळाखाली हात धरला, नळ सोडलाच नाही, हात तसाच ओढून घेतला आणि आत गेले. मी मागं.

दारातच ते थांबले आणि बायकांच्या बाजूला बघितलं. आई तिसऱ्या बाकावर होती. तिनं त्यांच्याकडं बघितलं आणि पदर पुढं ओढून मान खाली घातली. तेवढं पुरलं. पप्पा पुढं गेले नाहीत. शेवटच्या बाकावर, चपलांच्या शेजारी, लहान पोरांना बसवतात तिथं बसले. ट्रे दुसऱ्या पंचांनी फिरवला.

माझ्यापर्यंत आला तेव्हा मी पेला घेतला. सहा वर्षांनी. द्राक्षाचा रस, गोड, थोडा कोमट. मला वाटलं होतं रडू येईल. झोप आली. इतकी झोप की बाकाची पाठ धरून बसावं लागलं.

मी मागं बघितलं तेव्हा शेवटचा बाक रिकामा होता.

घरी आईनं ताट वाढलं नाही. दारात उभी राहिली. दोन वाजले, अडीच वाजले. मैदानावरून माईक तपासल्याचा आवाज यायला लागला. ती म्हणाली, "झालं समाधान?" रागानं नव्हे. अगदी थकून. मग म्हणाली, गुत्त्यावर बघून ये. तिथं असतील तर ओढू नकोस, नुसता शेजारी बस. त्यांनी हात उचलला तर उचलू दे.

आधीच सांगून टाकतो, पप्पा प्यायला गेले नव्हते. तेव्हापासून आजवर नाही. पण त्या दुपारी मला ते माहीत नव्हतं. मोटारसायकलवर मी गुत्त्यापाशी गेलो. आत चौघं होते. त्यातला एक ओळखीचा म्हणाला, काय शमुवेल, आज जागृती सभा इकडं का? मी म्हणालो, पप्पा आलेत का? तो हसायचा थांबला. म्हणाला, सिलासभाऊ? इथं? तो माणूस इकडं येईल तर आम्हीच त्याला हाकलू.

मी पाटाकडं वळलो. पाटाला आवर्तन सुटलं होतं, पाणी काठोकाठ होतं.  माणूस पाण्यातही जाऊ शकतो, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी गाडी पळवली.

ते तिसऱ्या पुलाच्या कठड्यावर बसले होते. चप्पल बाजूला काढून ठेवली होती. माझ्याकडं बघितलं आणि थोडं सरकले, जागा केली.

मी त्यांच्याशेजारी बसलो.

"मला आठवत नाही," पप्पा म्हणाले. "सकाळपासून आठवतोय. तू म्हणतोस ते खरंय, तुझ्या आईचं तोंड बघितलं मी. पण मला काही दिसत नाही रे. चिंच दिसते. इतक्या वेळा सांगितली की चिंच दिसते. तू फांदीवर दिसतोस." ते थांबले. "माफी मागायची तर कशाची मागू? मला ते दिसलं तर पाहिजे."

"मला दिसतं," मी म्हणालो. "सांगू?"

त्यांनी मान हलवली.

मी सांगितलं. रविवारची दुपार होती, आईनं मटण केलं होतं. तुम्ही तिच्या कानातली मागत होता. ती मोरीत शिरली आणि मी तिच्या कमरेला मिठी मारली. तुम्ही मला सोडवायला लागलात. उजवा हात सुटला, डावा सुटेना. तुम्ही तो धरून फिरवला, पाण्याच्या व्हॉल्व्हचं चाक फिरवतात तसा. तुमच्या बनियनवर तंबाखूचा डाग होता, मी त्याच्याकडं बघत होतो. मग मी सोडलं. मी सोडलं म्हणून तुम्हाला तिची कानातली घेता आली. मला इतकी वर्षं वाटतं की मी सोडायला नको होतं.

हे शेवटचं मी आधी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. देवालासुद्धा नाही. सांगेपर्यंत मला माहीतही नव्हतं की हे आत आहे.

पप्पा एकदा फक्त म्हणाले, "कानातली. हो. गहाण पडली ती परत सोडवली नाही कधी." मग दोन्ही हातांनी कठडा धरून वाकले. मला वाटलं उलटी होईल. झाली नाही. नुसतं अंग हलत होतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला, पण नाही ठेवला. खोटं नको म्हणून सांगतो.

बऱ्याच वेळानं ते सरळ झाले. रुमालानं तोंड पुसलं. म्हणाले, "नऊ वर्षांचं पोर किती वेळ धरणार? तू खूप धरलंस."

लांब मैदानावर कुणीतरी गीत लावलं. पप्पा म्हणाले, मकासऱ्यांना मी जाऊन सांगतो, आज तू येऊ नकोस. जे सांगायचं ते मी सांगीन, आणि पुन्हा मला बोलायला देऊ नका म्हणूनही सांगीन. मी म्हणालो, बरं.

मग त्यांनी हात पुढं केला, तळवा वर करून. "बघू."

मी डावा हात दिला. चौदा वर्षं तो त्यांनी हजारो लोकांना दाखवला होता, पण असा हातात घेऊन कधी चाचपला नव्हता. अंगठ्यानं हाडावरून हळूहळू वर जात ते त्या गाठीपाशी आले आणि थांबले.

"दुखतं का?"

कुणी हे विचारलंच नव्हतं. देवानं बरा केलेला हात, तो दुखणार कसा? दुखतो म्हणालो असतो तर साक्ष खोटी पडली असती. मी हिवाळ्यात दुकानात एकटा असताना तो मोटारीच्या गरम बॉडीवर धरून बसायचो आणि घरी आल्यावर काही नाही म्हणायचो.

"हो," मी म्हणालो. "थंडीत फार."

"चौदा वर्षं?"

"हो."

पप्पांनी डोळे मिटले. हात त्यांच्या दोन्ही हातांत होता. मला वाटलं आता ते नेहमीसारखी लांब प्रार्थना करतील, अब्राहामापासून सुरू होणारी, आणि माझ्या अंगातलं उरलंसुरलं त्राण गेलं.

"प्रभू," ते म्हणाले, "याचा हात दुखतो."

आणि मी आमेन म्हणालो.